शांघायस व्यापारानिमित्त जाणाऱ्यांसाठीं

चहा पिणाऱ्या मनुष्यानें चीन देश आपणांस सर्वस्वीं अपरिचित आहे असें म्हणूं नये. 'चहा' हा शब्दच तिकडून आलेला आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटीं ध्वजाच्या वस्त्रास कालिदासानें 'चीनांशुक' म्हटलें आहे, आणि सातव्या शतकांत ह्युएनत्संग नांवाचा चिनी यात्रिक दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत, म्हणजे आपल्या महाराष्ट्रांत, येऊन येथील लोकांविषयीं चार बऱ्या-वाईट गोष्टी लिहून गेला. त्या काळीं धर्मासाठीं व ग्रंथांसाठीं लोक जात-येत. आतां जाणें-येणें होतें तें यंत्रांचे सुटे भाग, औषधांचीं मूळद्रव्यें, विजेचीं उपकरणें व रंग-रसायनें यांसाठीं. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या कितीतरी घरांतून कर्ता मुलगा वा जांवई 'चार दिवस शांघायला जाऊन येतों' असें म्हणून निघतो, आणि मागें राहिलेल्या मंडळींना तो कोठें उतरला, काय जेवतो, कोणाशीं बोलतो यांची कांहींच कल्पना नसते.

माझा धाकटा मुलगा एका यंत्रकारखान्याच्या खरेदी-खात्यांत असून कांहीं वर्षें शांघायांत बिऱ्हाड करून राहिला होता. त्याच्याकडे मीं दोन महिने काढले. शिवाय माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं तिघे-चौघे त्या वाटेनें वरचेवर जातात. स्वतः पाहिलेलें व त्यांच्याकडून विचारून घेतलेलें असें जें उपयोगाचें वाटलें, तेवढें येथें देत आहें. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतु नाहीं. तीं पुष्कळ झालीं आहेत.

प्रथम जाण्याचा काळ. आपल्याकडे दिवाळींत कारखाना पाहावयास कोणी येत नाहीं, पण चीनच्या नववर्षांत जाऊन कुलूप पाहून परत आलेले गृहस्थ मला ठाऊक आहेत. हें नववर्ष चांद्रमानाचें असल्यामुळें २१ जानेवारी व २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हांहि येतें. सरकारी सुटी आठवड्याभराची असली तरी मजूर दूरदूरच्या गांवीं जातात, आणि सणापूर्वीचा एक व नंतरचे दोन आठवडे कारखान्यांत पूर्ण माणसें नसतात. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडाहि टाळावा; त्या दिवसांत आगगाडीचें तिकीट मिळणेंहि कठीण. गंमत अशी कीं, मोठ्या सुटीची भरपाई म्हणून मागच्या-पुढच्या एखाद्या शनिवारीं वा रविवारीं तेथें कचेऱ्या चालू ठेवतात. तेव्हां भेटीचे दिवस ठरवितांना तिकडील मंडळींकडून वार विचारून घ्यावे. हवेच्या दृष्टीनें एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. जूनच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत तेथें एक रिपरिप पाऊस लागतो; त्या सुमारास तिकडील आलुबुखाराच्या जातीचें एक फळ पिकतें, त्यावरून त्यास त्या फळाचें नांव आहे. जुलै-ऑगस्टांत उकाडा व मधूनमधून तुफान, आणि जानेवारींत ओली, हाडांत शिरणारी थंडी. यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील घरांत उत्तर चीनप्रमाणें नळांतून ऊब पुरविण्याची सार्वजनिक सोय नाहीं, हें लोकरीचे कपडे भरणाऱ्या गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

प्रवेशासाठीं आपणांस व्हिसा लागतो, व व्यापारासाठीं जाणाऱ्यानें 'एम' वर्गाचाच मागावा. त्यास तिकडील कंपनीचें निमंत्रणपत्र जोडावें लागतें. तेथील पत्ता, दिवस व कामाचें स्वरूप यांचा उल्लेख त्या पत्रांत असावा. भारत-चीन थेट विमानें २०२० सालीं बंद पडलीं होतीं. तीं २०२५ च्या ऑक्टोबरांत पुन्हा सुरू झालीं, आणि दिल्ली-शांघाय हा मार्ग त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत उघडला. मुंबईचा उतारू हाँगकाँग, सिंगापूर अथवा बँकॉक यांवरूनहि जाऊं शकतो. घड्याळ मात्र अडीच तास पुढें करावयाचें. एवढा अवाढव्य देश, पण पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत त्याची वेळ एकच आहे.

शांघाय शहराची मांडणी समजली म्हणजे निम्मा त्रास वांचतो. हुआंगपू नदी शहराच्या मधून वाहते. पश्चिमेकडील तो पूशी, म्हणजे जुनें शहर. पूर्वेकडील तो पूडोंग, जेथें १९९० पूर्वीं बहुतेक शेतें, वखारी व गोद्या होत्या आणि आतां लूजियाझुईचे गगनचुंबी मनोरे आहेत. पेढ्या व मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या त्या मनोऱ्यांत. परंतु मालाचीं प्रदर्शनें, आगगाडीनें बाहेरगांवच्या कारखान्यांस जाण्याची सोय ही पश्चिम टोकास होंगछ्यावला. ज्याचें काम सूचौ वा कुनशानच्या कारखान्यांत आहे, त्यानें नदीकांठची शोभा पाहून पूडोंगांत खोली घेतली तर त्याचे रोज दोन-तीन तास वाटेंतच जावयाचे. आधीं काम कोठें तें पाहावें, मग खोली घ्यावी.

विमानतळहि दोन आहेत. परदेशांतून येणारीं बहुतेक विमानें पूडोंगास उतरतात. होंगछ्यावचा तळ मुख्यत्वें देशांतर्गत प्रवासाचा. दोहोंमध्ये सारें शहर पडलें आहे, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मेट्रोनें एकापासून दुसऱ्यापर्यंत जावयास दीड-दोन तास हाताशीं ठेवावे. पूडोंगच्या तळापासून शहराच्या कडेपर्यंत २००४ पासून एक चुंबकशक्तीनें रुळांस न टेकतां धांवणारी गाडी आहे. सुमारें ३० किलोमीटर अंतर ती सात-आठ मिनिटांत कापते. ती एकदां पाहण्यासारखी आहे, पण शहराच्या मध्यापर्यंत जात नाहीं, पुढें मेट्रो धरावीच लागते. तळावर 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणून जवळ येणाऱ्यांच्या मागें न जातां अधिकृत रांगेंत उभें राहावें. गाडीवानास इंग्रजी येत नाहीं असें गृहीत धरून उतरावयाच्या जागेचें नांव व पत्ता चिनी लिपींत छापून जवळ ठेवावा. रोमन अक्षरांतला पत्ता तेथें कोणी वाचीत नाहीं. उतरतांना गाडीवानाकडून पावती मागावी. तेथें सरकारमान्य पावतीस 'फा-फ्याव' म्हणतात. हा एक शब्द उच्चारला कीं पावती मिळते, आणि परत आल्यावर हिशेबखात्याशीं वाद पडत नाहीं.

नदीच्या पश्चिम तीरावर जुन्या दगडी इमारतींची जी रांग आहे तिला परदेशी लोक 'बंड' म्हणतात. हा शब्द आपल्याच देशांतून गेला. मूळ फारसी 'बंद', संस्कृत 'बन्ध', मराठी 'बांध', सर्व एकाच कुळांतले. शब्दच काय, त्या रांगेंतील एका भव्य इमारतीचा पैसाहि मुंबईवरून गेलेला आहे. १९२९ सालीं पुरें झालेलें सासून हाउस हें व्हिक्टर सासूनचें. त्याच्या घराण्याचें डेव्हिड सासून वाचनालय मुंबईच्या काळ्या घोड्यापाशीं आजहि उभें आहे. हा पैसा कापसाचा होता, आणि अफूचाहि होता. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई, आणि तिच्या व्यापारापायीं झालेल्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंगच्या तहानें शांघायसह पांच बंदरें चीनला परक्यांसाठीं उघडावीं लागलीं. पुढें परकीयांच्या वसाहतींत पहाऱ्यावर शीख शिपाई होते. चिनी मनुष्य हें आपणांस तोंडावर बोलून दाखवीत नाहीं, परंतु शाळेंत तो हें शिकलेला असतो. आपणहि शिकून जावें.

पैशाची व टेलिफोनाची गोष्ट आतां अधिक सविस्तर सांगतों, कारण येथें अनुभवी माणसेंहि अडकतात. चीनमध्यें भाजीवाल्यापासून मोठ्या दुकानापर्यंत सर्व व्यवहार टेलिफोनवरील चौकोनी खुणेनें होतात. त्यासाठीं अलीपे व वुईचॅट अशीं दोन ॲप तेथें सर्वतोमुखीं आहेत, आणि २०२३ पासून परदेशी कार्डहि त्यांना जोडतां येतें. अडचण अशी कीं, २०२० सालीं आपल्या सरकारनें ज्या चिनी ॲपांवर बंदी घातली त्यांत हीं दोन्हीं होतीं. आपली यूपीआय तेथें चालत नाहीं. म्हणून बाहेर पडतांना तीन गोष्टी जवळ असाव्या: परदेशांत चालेल असें बँकेकडून उघडून घेतलेलें कार्ड, पुरेसे युआन, आणि त्यांतले निम्मे दहा-वीसच्या नोटांत. शंभराची नोट ही तेथील सर्वांत मोठी. ती घेऊन वीस युआनाची वस्तु मागितली तर दुकानदार सुट्यांसाठीं डोकें खाजवतो. रोख पैसे नाकारणें तेथील मध्यवर्ती बँकेच्या नियमाविरुद्ध आहे, तेव्हां नोटेनें काम अडत नाहीं, फक्त वेळ लागतो.

व्हॉट्सअॅप, जीमेल, गूगल, फेसबुक यांना चीनच्या जाळ्यांत मज्जाव आहे. हॉटेलच्या वायफायवर तीं उघडत नाहींत. आपल्या येथील कंपनीचें रोमिंग घेऊन गेल्यास मात्र बहुधा तीं चालतात, कारण तो संदेश आपल्या देशाच्या वाटेनें फिरून येतो. तरी सुद्धां करारनाम्याचे मसुदे, नकाशे, दरपत्रकें हीं केवळ 'ढगांत' ठेवून जाऊं नये. छापील एक प्रत व यंत्रांत एक प्रत असावी. घरच्या मंडळींस आधींच सांगून ठेवावें कीं एखादा दिवस निरोप आला नाहीं तर घाबरूं नये. प्लगाचे आपले गोल खुंट तेथील भिंतींत बसत नाहींत, चपट्या खुंटांचा जोड न्यावा. विजेचा दाब मात्र जवळजवळ आपल्यासारखाच, २२० व्होल्टांचा. शिवाय देशांतर्गत विमानानें पुढें जावयाचें असेल तर, ज्या पॉवर बँकेवर चिनी 'थ्री-सी' खूण नाहीं ती २०२५ च्या जूनअखेरपासून विमानांत नेऊं देत नाहींत.

भाषेचा बाऊ फार करितात. तीन दिवसांत चिनी भाषा येणार नाहीं हें खरें, परंतु नांवें शुद्ध उच्चारणें एवढें तरी मराठी मनुष्यास साधावें, आणि त्यास तें इंग्रजापेक्षां अधिक सोपें आहे. रोमन लिपींत चिनी शब्द लिहितांना 'बी', 'डी', 'जी' हीं अक्षरें ज्या ध्वनींसाठीं योजितात ते वस्तुतः आपले प, त, क होत. आणि 'पी', 'टी', 'के' हे फ, थ, ख होत, मात्र हा 'फ' ओंठ मिटून, संस्कृतांतल्याप्रमाणें म्हणावयाचा. म्हणजे ज्याला आपण बीजिंग लिहितों तें 'पेइचिंग', आणि पूडोंग तें खरें 'फूतुंग'. अल्पप्राण-महाप्राण हा भेद ज्याच्या मुळाक्षरांतच आहे त्याला येथें अडखळण्याचें कारण नाहीं. 'चार' मधील च व 'चमचा' मधील च हे दोन निराळे ध्वनि मराठींत आहेत. चिनींतहि तसे ते आहेत. उरला स्वरांचा चढउतार. एकच 'मा' चार सुरांनीं आई, ताग, घोडा व रागें भरणें असे चार अर्थ देतो. ज्यानें उदात्त, अनुदात्त, स्वरित यांविषयीं नुसतें ऐकलें आहे त्यालाहि हें चमत्कारिक वाटूं नये.

नांवांत आडनांव आधीं येतें. वांग, ली, चांग हीं आडनांवें. त्यांपुढें हुद्दा जोडून हांक मारितात. कंपनीचा मुख्य असेल तर 'वांग-त्सुंग', व्यवस्थापक असेल तर 'वांग-चिंगली'. आपल्याकडील 'रावसाहेब', 'मास्तर' यांच्याच जातीचें हें आहे. पहिल्या भेटींत केवळ व्यक्तिनाम घेऊन, अमेरिकन पद्धतीनें खांद्यावर हात ठेवून बोलणें अप्रशस्त. लग्नानंतर तेथील स्त्रिया आडनांव बदलीत नाहींत. त्यामुळें सौभाग्यवतीस पतीच्या आडनांवानें संबोधूं नये. कंपनीची मालकीण वा मुख्याधिकारी स्त्री असणें शांघायांत अगदीं सामान्य आहे, आणि बोलणें तिच्याशीं न करतां तिच्या पुरुष सहाय्यकाशीं करणारे आपल्याकडील कांहीं गृहस्थ पाहून मला शरम वाटली.

भेटीस पांच-दहा मिनिटें आधींच जावें. 'वाटेंत गर्दी होती' हें मुंबईचें कारण तेथें चालत नाहीं. वडीलधारा वा वरिष्ठ मनुष्य पुढें, बाकीचे मागें, अशा क्रमानें खोलींत शिरावें, कारण जो प्रथम शिरेल तोच मुख्य असा त्यांचा समज होतो. नांवाचें कार्ड दोन्ही हातांनीं द्यावें, दोन्ही हातांनीं घ्यावें, व क्षणभर वाचून समोर ठेवावें. प्रसाद घेतांना आपण जसे वागतों तसें वागलें म्हणजे झालें. पुढें चहा किंवा नुसतें गरम पाणी येतें. नळाचें पाणी तेथें कोणीच पीत नाहीं, आणि थंड पाण्याचा आग्रह धरणारा पाहुणा त्यांना आजारी वाटतो. आमच्या आजीच्या मताशीं हें तंतोतंत जुळतें.

आतां भोजन. आपल्या घरांतून निघणाऱ्या मनुष्याची खरी परीक्षा येथें होते, आणि घरच्या माणसांची काळजीहि हीच असते. आरंभींच सांगतों कीं शांघायांत शाकाहारी मनुष्य उपाशी राहत नाहीं. मात्र न बोलणारा राहतो. बौद्ध धर्मामुळें निरामिष आहाराची कल्पना तेथें जुनी आहे. 'मी शाकाहारी आहें' हें वाक्य 'वो छृ सू' असें आहे. मधल्या शब्दांतला स्वर इंग्रजांस साधत नाहीं. आपल्या ऋकाराजवळ जीभ नेली कीं साधतो. पण या एका वाक्यावर विसंबूं नये. भाजींत मांसाचा रस, वर चिमूटभर खिमा, किंवा परतावयास डुकराची चरबी घालून ती 'भाजीच' आहे असें प्रामाणिकपणें समजणारे आचारी पुष्कळ आहेत. म्हणून 'मांस नको, मासे नकोत, अंडें नको, मांसाचा रस, प्राण्याची चरबी व कालवांचा सॉस नको' असा कागद चिनी लिपींत लिहवून घेऊन खिशांत ठेवावा. माझ्या मुलानें असा कागद लॅमिनेट करून ठेविला होता. त्याच्या प्रती मागून नेणारे पुष्कळ निघाले.

शांघायांतील 'कुंगतलिन' हें उपाहारगृह १९२२ पासून निरामिष अन्नासाठीं प्रसिद्ध आहे. नांवाचा अर्थ साधारणपणें 'पुण्याचें वन'. बौद्ध पद्धतीच्या अशा स्वयंपाकांत कांदा, लसूण व त्या जातीचे उग्र पदार्थहि वर्ज्य असतात. चातुर्मास पाळणाऱ्यासहि तेथें चालेल. जेड-बुद्धाच्या मंदिरांतहि शेवयांचें साधें निरामिष जेवण मिळतें. मात्र तेथें यादींत 'शाकाहारी बदक', 'शाकाहारी हंस' असले शब्द वाचून उठून येऊं नये. तीं सोयाबीनच्या सायीचीं वा पिठाचीं सोंगें असतात. पदार्थ निरामिष व नांव सामिष, हा काय सोस आहे तें मला अद्याप उमगलें नाहीं. सकाळच्या न्याहारीस सोयाबीनचें गरम दूध व तळलेली लांब पुरी, 'यौ-थ्याव', हीं रस्त्यावर सर्वत्र मिळतात व पोट चांगलें भरतें. शांघायचे प्रसिद्ध वाफवलेले छोटे मोदकासारखे पदार्थ पाहून मात्र फसूं नये. त्यांत पुरण डुकराच्या मांसाचें असतें.

घरून काय द्यावें? मेतकूट, कोरडी चटणी, चिवडा, तेलाच्या दशम्या असे कोरडे पदार्थ सीलबंद करून थोडे द्यावे. दूध-तुपाचे पदार्थ, ताजीं फळें, भाज्या व बीबियाणें तेथील जकातनाक्यावर मना आहेत. तेव्हां तुपाचा डबा घरींच राहूं द्यावा, आणि लाडू परत आल्यावर करावे.

यजमानांकडील मेजवानी ही व्यवहाराचाच भाग आहे. मेज गोल असतें. दाराकडे तोंड करून यजमान व त्याच्या उजवीकडे मुख्य पाहुणा बसतो. यजमान सांगेल तेथेंच बसावें. थोड्या वेळानें पेले उचलले जातात व 'कानपेइ' असा घोष होतो. त्याचा अर्थ 'पेला कोरडा करा'. मद्य न घेणाऱ्यानें ओशाळण्याचें कारण नाहीं. 'मद्याच्या जागीं चहा' अशी चार अक्षरांची रूढ म्हणच त्या भाषेंत आहे, 'ई छा ताइ च्यौ'. हें हंसतमुखानें म्हणून चहाचा पेला दोन्ही हातांनीं उचलावा, वडिलांच्या पेल्याहून तो किंचित् खालीं धरावा. कोणी वाईट मानीत नाहीं. मात्र हें पहिल्याच पेल्यास सांगावें. पहिला पेला भीडेनें घेऊन दुसऱ्यास नाहीं म्हणणाऱ्याची कोणी गय करीत नाहीं. जेवणाच्या काड्या भातांत उभ्या खोंचूं नयेत. मृतांपुढें उदबत्त्या लावल्याचें तें चिन्ह आहे. भेट म्हणून घड्याळ देऊं नये, कारण 'घड्याळ देणें' व 'अंत्यसमयीं सोबत करणें' यांचा उच्चार एकच होतो. चार हा आंकडाहि 'मृत्यु' शब्दाच्या उच्चारामुळें नकोसा, आठ हा शुभ. लाल कागदांत बांधलेली काजूची वा मसाल्याच्या चहाची पेटी उत्तम.

बोलावयास विषय काय, असा प्रश्न पडतो. सीमेचा वाद, १९६२, गलवान, तैवान, तिबेट हे विषय आपण काढूं नयेत, त्यांनीं काढल्यास वाढवूं नयेत. ह्युएनत्संग मात्र प्रत्येक चिनी मुलास माहीत असतो. तसेच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ सालीं ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व १९४२ सालीं तेथेंच कामांत असतां वारले. चिनी लोक त्यांस 'खो तीह्वा' म्हणून ओळखतात. वयस्क यजमानापुढें सोलापूरचें नांव काढून पाहावें; ज्या कंपनीच्या नांवाला त्यानें मान हलविली नव्हती, तिच्याविषयीं तो आपण होऊन विचारूं लागतो, असें माझ्या एका विद्यार्थ्यानें मला सांगितलें.

शेवटीं करार. 'नाहीं' हा शब्द चिनी मनुष्य सहसा तोंडावर उच्चारीत नाहीं, कारण त्यांत समोरच्याची व स्वतःची लाज जाते असें तो मानतो. 'आम्ही विचार करूं, अभ्यास करूं' असें उत्तर आलें तर तें बहुधा नकाराचें सौजन्य समजावें. चारचौघांत त्याची चूक दाखवूं नये. दुभाष्यामार्फत बाजूस नेऊन सांगावें. दुभाषा आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे. ही काटकसर करणारे पुष्कळ आहेत व ती त्यांना महाग पडते.

चिनी कंपनीचें इंग्रजी नांव हें केवळ सोयीचें असतें. कायद्यांत तिचें चिनी नांवच खरें. तिच्या व्यवसाय-परवान्यावर अठरा अक्षर-आंकड्यांचा एक नोंदणी-क्रमांक असतो. परवान्याची प्रत मागावी, तो क्रमांक सरकारी नोंदवहींत दुभाष्याकडून पडताळावा, आणि करारांतील चिनी नांव, परवान्यावरील नांव व बँकखात्यावरील नांव एकच आहे कीं नाहीं हें अक्षर न् अक्षर मिळवावें. करारावर सहीपेक्षां तांबड्या गोल शिक्क्यास महत्त्व आहे. शिक्क्यावांचून नुसती सही घेऊन येऊं नये. करार दोन भाषांत असेल तर मतभेदाच्या वेळीं कोणती भाषा प्रमाण, हें त्यांतच लिहावें. आपल्या न्यायालयाचा निकाल तेथें सहजासहजीं बजावला जात नाहीं, म्हणून लवादाचें कलम घालावें आणि तें वकिलास दाखवावें. आगाऊ रक्कम तीस टक्के, उरलेली माल निघतांना, ही पद्धत सामान्यतः रूढ आहे. परंतु उरलेली रक्कम जाण्यापूर्वीं मालाची तपासणी त्रयस्थाकडून करवावी, आणि पसंत केलेला नमुना सह्या-शिक्क्यांसह दोघांकडेहि मोहोरबंद असावा. पैसे भरण्याच्या दिवशीं 'आमचें खातें बदललें आहे' असें पत्र आल्यास एक पैहि पाठवूं नये; ओळखीच्या माणसाशीं प्रत्यक्ष बोलून, त्याचा आवाज ऐकून खात्री करावी. अशा पत्रांमागें बहुधा तिसराच चोर असतो.

देणें थकवूं नये, हें नीति म्हणून तर आहेच. पण चीनमध्यें तो स्वातंत्र्याचाहि प्रश्न आहे. तेथील कायद्याप्रमाणें, दिवाणी दावा चालू असलेल्या परकी माणसास न्यायालय देश सोडण्याची मनाई करूं शकतें. शांघायच्या नैर्ऋत्येस आगगाडीनें दोनेक तासांवर यीवू हें किरकोळ मालाची प्रचंड बाजारपेठ असलेलें गांव आहे. २०११ च्या अखेरीस तेथें दोन हिंदी नोकरांना, ज्यांच्या कंपनीकडे पैसे अडकले होते अशा व्यापाऱ्यांनीं डांबून ठेविलें. मालक हाताशीं नव्हता. सांपडले ते नोकर. त्यानंतर आपल्या वकिलातीनें तेथील व्यापाराविषयीं जाहीर इशारा दिला होता. म्हणून एखाद्या तरुणास त्याची कंपनी थकबाकीच्या वाटाघाटीसाठीं एकटा पाठवूं लागली, तर त्यानें निघण्यापूर्वीं देणें किती, दावा लागला आहे काय, व आपली सही कोठें-कोठें आहे हें लेखी विचारावें. नोकरीची भीड येथें धरूं नये. बापानें मुलास हें सांगण्यांत संकोच करूं नये.

किरकोळ सावधगिरी थोडक्यांत सांगतों. पासपोर्ट सदैव जवळ असावा. परक्या मनुष्याची राहण्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतें, पण मित्राच्या घरीं उतरल्यास ती आपण करावयाची. नानचिंग रस्त्यावर वा लोकचौकापाशीं चांगलें इंग्रजी बोलणारीं तरुण मुलें-मुली 'चहा-समारंभ पाहावयास चला' म्हणून आग्रह करितात. तो चहा हजारों युआनांचा ठरतो. नम्रपणें मान हलवून चालूं लागावें. पोलिस ११०, रुग्णवाहिका १२०, आग ११९. आपली वकिलात शांघायांत आहे. तिचा पत्ता व टेलिफोन घरच्या मंडळींकडेहि लिहून ठेवावा.

परतण्यापूर्वीं पुढील पत्रव्यवहार कोणत्या मार्गानें चालेल हें त्यांच्याशीं पक्कें ठरवून घ्यावें. तिकडील मंडळी सर्व कांहीं वुईचॅटवर करितात, व तें आपल्याकडे बंद. आपण जीमेलवर, तर तें त्यांच्याकडे बंद. कंपनीच्या स्वतःच्या नांवाचा ईमेल दोन्हीकडे बहुधा चालतो. तो त्यांच्यासमोर एकदां पाठवून पोंचल्याची खात्री करावी, त्यांच्या कचेरींतील इंग्रजी जाणणाऱ्या माणसाचा टेलिफोन घ्यावा, आणि विमानांत बसण्यापूर्वीं झालेल्या बोलण्याचें टिपण त्याच पत्त्यावर धाडून द्यावें.